मालवण ते कुणकेश्वर : पाय टेकण्याच्या जागा

ज्या वाचकांची उंची साडेपांच फुटांहून अधिक आहे त्यांनीं हा लेख वाचला नाहीं तरी त्यांचें कांहीं नुकसान होणार नाहीं. त्यांच्या पायांखालीं जमीन सर्वत्र असतेच. आमची उंची ५ फूट २ इंच, व पायाची आंतल्या बाजूची लांबी २८ इंच. एवढी शिदोरी घेऊन जो मनुष्य मोटारसायकलीवर बसतो, त्याला जमीन ही वस्तु गृहीत धरतां येत नाहीं. ती कोठें वर आली आहे, कोठें खचली आहे, कोठें भुसभुशीत आहे आणि कोठें शेवाळली आहे, याची विचारपूस त्याला थांबण्याच्या आधींच करून ठेवावी लागते. मालवणच्या किनाऱ्याचीं वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत. किल्ला, माड, मासे व समुद्र हीं त्यांत येतातच. परंतु या किनाऱ्यावर पाय कोठें टेकतो व कोठें टेकत नाहीं, हें कोणीं लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आम्ही मालवणास राहतों आणि आमची मावशी आचऱ्यास. मधलें अंतर वीस-बावीस किलोमीटरांचें. मावशीचें वय ७८, मुलें मुंबईस, आणि घर सोडण्यास ती तयार नाहीं. तेव्हां दर रविवारीं तिच्याकडे जावें, औषधें पोंचवावीं, जेवावें, आणि तिच्या मनांत असेल तर तिला मागें बसवून जवळपासच्या एखाद्या देवळास न्यावें, असा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. हा परिपाठ ज्या गाडीवर चालला ती गाडी बजाजची अव्हेंजर. हिचें कूळ कावासाकीच्या एलिमिनेटर नामक गाडीपर्यंत जातें. अव्हेंजर हें नांव घेऊन ती २००५ सालीं बाजारांत आली. हिला क्रूझर म्हणतात. लांबच लांब सरळ रस्त्यांवर दिवसभर आरामांत बसून जावें, अशा हेतूनें अमेरिकेंत रूढ झालेला हा घाट. बैठक जमिनीपासून अवघी ७३७ मिलिमीटर, म्हणजे २९ इंच. हँडल उंच, व पाय पुढें सोडलेले, जणूं आरामखुर्चीच चाकांवर बसविली आहे. तिच्यावर आमच्या दोन्ही टांचा जमिनीस टेकत. मागच्या बैठकीस पाठ टेकावयास गादी होती, आणि मावशी तीवर अशी बसे कीं, रस्त्यांत भेटणारे लोक आधीं तिला नमस्कार करीत व मग आमच्याकडे पाहत.

असें असतां आम्हीं ती गाडी कां सोडली? त्याचें कारण आमच्या जिल्ह्याच्या रचनेंत आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग सोडून समुद्राकडे वळलें कीं, सरळ रस्ता ही गोष्ट संपते. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या चार-सहा कोसांवर समुद्रास मिळतात, आणि प्रत्येक नदीच्या मुखाशीं खाडी. दोन खाड्यांच्या मध्यें जांभ्याचा सपाट, उघडा सडा. त्यामुळें रस्ता खाडीकांठच्या माडांतून निघतो, वळसे घेत सड्यावर चढतो, वर घटकाभर ऊन खातो आणि पुन्हां वळसे घेत दुसऱ्या खाडींत उतरतो. वाड्यांतून जातांना तर तो घरांच्या सोयीनें वळतो. दोन्ही बाजूंस जांभ्याचे गडगे, आणि त्यांच्या मधून एक एस.टी. व एक मनुष्य जेमतेम जाईल एवढी वाट.

अशा वाटेवर क्रूझर अवघडते. तिच्या दोन चाकांमधलें अंतर १४९० मिलिमीटर, आणि पुढचा काटा असा पसरलेला कीं वळण घ्यावयाचें तर तिला आधीं विनंती करावी लागते. पण याहून वाईट गोष्ट कमरेची. पाय पुढें सोडलेले असल्यामुळें खड्डा दिसला तरी स्वाराला पायांवर जोर देऊन उचलून बसतां येत नाहीं. सगळा देह माकडहाडावर तोललेला असतो, आणि खड्ड्याचा दणका तेथून निघून सरळ मानेपर्यंत जातो. पावसाळ्यानंतरचे आमचे रस्ते कसे असतात हें कोंकणांतील वाचकांस सांगावयास नको. एका कार्तिकांत अशी वेळ आली कीं, मावशीच्या घरीं पोंचल्यावर आम्हांला उतरतां येईना. तिनेंच हात धरून ओट्यावर नेलें. त्या रविवारीं औषधें कोणीं कोणास नेलीं हा प्रश्नच होता.

वैद्यकीय सल्ला असा पडला कीं, पाय शरीराच्या खालीं येतील व अंग किंचित् पुढें झुकेल अशी बैठक असलेली गाडी घ्यावी. म्हणजे चपळ, तरुणांची गाडी. आतां अशा गाड्यांचें एक दुखणें आहे. वळणांत आडवें होतांना बूड जमिनीला घासूं नये म्हणून त्यांचें अंग उंच ठेवावें लागतें, आणि स्प्रिंगांनाही खालीवर होण्यास जागा लागते. परिणामीं बैठक वर जाते. यामाहाच्या आर-१५ ची ८१५ मिलिमीटर, केटीएमच्या ३९० ड्यूकची ८२०, टीव्हीएसच्या अपाचे २०० ची ८००. हे आंकडे कागदावर लहान वाटतात. पायाखालीं ते दरीसारखे वाटतात. एका दुकानांतील तरुण विक्रेत्यानें आमच्याकडे डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलें, पायांपाशीं त्याची नजर लौकर पोंचली, आणि अत्यंत नम्रपणें त्यानें आम्हांला स्कूटरच्या दालनाकडे वळविलें. त्याचा दोष नाहीं. त्याला विक्री करावयाची होती, आमचा अंत्यविधि नव्हे.

शेवटीं आम्हीं ट्रायम्फची स्पीड ४०० पसंत केली. ट्रायम्फ ही विलायती कंपनी, परंतु या गाड्या बजाजच्या चाकण येथील कारखान्यांत तयार होतात, व २०२३ च्या जुलईंत त्या आपल्याकडे विक्रीस आल्या. बैठक ७९० मिलिमीटर. जुन्या गाडीपेक्षां ५३ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून किंचित् अधिक. वजन १७६ किलो. जुनीचें १६३ होतें. अश्वशक्ति मात्र १९ वरून जवळजवळ ४० वर गेली, आणि चाकांमधलें अंतर साडेचार इंचांनीं कमी झालें. बैठकीच्या उंचीहून तिची रुंदी महत्त्वाची, हें आम्हांला तेथेंच कळलें. पाय सरळ खालीं जात नाहींत, ते बैठकीला वळसा घालून जातात. म्हणून पुढें निमुळती असलेली उंच बैठक कधीं कधीं रुंद व ठेंगण्या बैठकीपेक्षां बरी. टाकीजवळ सरकून बसल्यावर आमचे दोन्ही चवडे टेकले. टांचा टेकल्या नाहींत, त्या अजूनही टेकत नाहींत.

गाडी खालीं उतरवून घ्या, असा सल्ला पुष्कळांनीं दिला. मागच्या स्प्रिंगाच्या जोडपट्ट्या बदलून असें करतां येतें. परंतु मागची बाजू तेवढी उतरविली तर पुढचा काटा आडवा पडतो आणि गाडीचें वळणें मंदावतें, म्हणजे ज्यासाठीं ती घेतली तेंच जातें. शिवाय बाजूचा स्टँड लांब ठरून गाडी सरळ उभी राहते व वाऱ्यानेंही पडूं शकते. बैठकीचा स्पंज कापावा, तर कमरेचें दुखणें परत दारांत. आम्हीं फक्त मागच्या स्प्रिंगाचा ताण सर्वांत सैल केला आणि जाड तळव्याचे बूट घेतले. बाकीचें काम पायांनीं नव्हे, डोक्यानें करावयाचें ठरविलें.

ठरविणें सोपें होतें. मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतींत दानी पेद्रोसा नांवाचा एक स्पॅनिश स्वार होऊन गेला. उंची साधारण आमच्याएवढीच. त्यानें लहान वर्गांत तीन जगज्जेतेपदें मिळविलीं आणि सर्वांत मोठ्या वर्गांत ३१ शर्यती जिंकल्या. हें उदाहरण आम्ही पुष्कळ दिवस छातीशीं बाळगून होतों. पुढें ध्यानांत आलें कीं, शर्यतीच्या स्वाराला फारसें थांबावेंच लागत नाहीं, आणि थांबतो तेथें गाडी धरावयास चार माणसें उभीं असतात. चालत्या गाडीवर सर्व माणसें सारख्याच उंचीचीं असतात. उंची विचारली जाते ती थांबतांना. आणि मालवणांत तर पावलोपावलीं थांबावें लागतें.

बाजारपेठेंतून जेटीकडे जाणारा रस्ता घ्या. समोरून पर्यटकांची मोटार येते, मागून रिक्षा वाजवीत असते, आणि सिंधुदुर्गाच्या होड्यांसाठीं जमलेली मंडळी आपल्याच तंद्रींत असतात. शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं कुरटें बेटावर या किल्ल्याचें काम सुरू केलें, तेव्हां किनाऱ्यावर मोटारसायकल उभी करण्याचा प्रश्न त्यांच्यापुढें नव्हता. जेटीजवळ जमीन समुद्राकडे उतरते, व ओल्या जागीं बूट सरकतो. तारकर्लीस निराळाच प्रकार. तेथें वाळू पायाला लागते, पण धरीत नाहीं. स्टँड लावून पाठ वळविली कीं गाडी हळूहळू गुडघे टेकूं लागते. म्हणून एक पसरट लाकडी फळी आम्ही पिशवींत बाळगतों. माडांच्या सावलींतील वाडीचे रस्ते त्यांतल्या त्यांत प्रेमळ, कारण तेथें गडगे आहेत. गडगा म्हणजे आमच्या दृष्टीनें आडवा ठेवलेला पाय. त्याला खेटून थांबावें, डावा बूट त्याच्या खालच्या चिऱ्यावर ठेवावा, आणि उंच माणसासारखें इकडेतिकडे पाहावें.

असें करीत तीन महिने गेले. वळणांवर तर आम्ही जवळजवळ गर्विष्ठ झालों होतों. जुनी गाडी जेथें कां कू करी, तेथें ही नजर टाकावी तिकडे वळे. कमर गप्प बसली. आणि ज्येष्ठाच्या शेवटीं, पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले असतां, आचऱ्याच्या अलीकडे एका चढणीवर आम्ही पडलों.

समोरून एस.टी. आली. रस्ता अरुंद. आम्हीं सवयीप्रमाणें डावीकडे घेतलें, अगदीं कडेला, आणि थांबून डावा पाय खालीं सोडला. तेथें जमीन नव्हती. म्हणजे होती, पण वीतभर खालीं. डांबराची कड संपून पावसानें धुतलेली तांबडी खडी सुरू झाली होती. पाय तिला लागेपर्यंत गाडी इतकी कलली होती कीं, १७६ किलो परत वर घेणें आमच्या एका पायाच्या आटोक्यांत उरलें नव्हतें. सर्व प्रकार फार सावकाश झाला. विचार करावयास भरपूर वेळ मिळाला, उपाय करावयास मिळाला नाहीं. गाडी आडवी, आम्ही तिच्या शेजारीं, आणि हेल्मेट एका तेरड्याच्या रोपावर टेकलेलें. बस पुढें जाऊन थांबली. वाहकानें मान बाहेर काढून कांहीं मोडलें काय म्हणून विचारलें. क्लचची दांडी तेवढी वांकली होती. आम्हीं हात हलविला व बस गेली.

काजूच्या बागेंतून एक वृद्ध गृहस्थ आंकडी हातांत घेऊन आले. "लागला काय खंय?" त्यांनीं विचारलें. नाहीं म्हणून सांगितल्यावर त्यांनीं गाडी पाहिली, आम्हांला पाहिलें, आणि मग रस्त्याकडे पाहिलें. "गाडी उंच, तुमी बुटके, नि थांबल्यात खंय तर कडेक! जंय पाणी जाता, थंय पाय टेकू नये." आम्हीं आजूबाजूस पाहिलें तों खरोखरच पावसाच्या पाण्याची एक बारीक धार नेमकी आमच्या बुटाखालून चालली होती. दोघांनीं मिळून गाडी उभी केली. बैठकीला पाठ लावून, गुडघ्यांत वांकून, पायांच्या जोरावर मागें मागें सरत ती उचलावी हें आम्हांला पुस्तकी माहीत होतें. पण ते गृहस्थ नसते तर त्या चढणीवर पुस्तक पुरें पडलें असतें असें वाटत नाहीं.

त्या रविवारीं मावशीला आम्हीं कांहीं सांगितलें नाहीं. तिनें क्लचची दांडी पाहिली आणि तिनेंही कांहीं विचारलें नाहीं. पुढचे दोन रविवार आम्ही एस.टी.नें गेलों. गाडी अंगणांत झांकून ठेवलेली. तिच्यावरून जातांना लाज वाटे, आणि विकून टाकावी असें रोज रात्रीं ठरे. आपल्या उंचीविषयीं लहानपणापासून ऐकलेलें सर्व त्या दिवसांत पुन्हां ऐकूं येऊं लागलें, शाळेंतील पहिल्या बांकासह. आणि एक गोष्ट मनांतून जाईना. त्या चढणीवर मागें मावशी बसलेली असती तर?

वृद्ध गृहस्थांचें वाक्य मात्र कामास आलें. आपल्याकडे वाहनें डावीकडून जातात. पाणी वाहून जावें म्हणून रस्ता मध्यें उंच व कडांस उतरता असतो. म्हणजे डावा पाय पडतो तो नेहमीं सखल बाजूस, आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखालीं असल्यामुळें उजवा पाय मोकळा करतां येत नाहीं. बुटक्या मनुष्याला हा दुहेरी फांस आहे. त्यांतून सुटका एकच. कडेला जावयाचें नाहीं. दीड-दोन हात आंत, डांबर सपाट असेल तेथेंच थांबावें, मागच्याला वाजवूं द्यावें. थांबण्याच्या क्षणभर आधीं कमर डावीकडे सरकवावी. बैठकीच्या मध्यभागीं बसून दोन चवडे टेकण्यापेक्षां अर्धें बूड बाहेर काढून एक संपूर्ण तळवा टेकणें कितीतरी भक्कम. मान सरळ, हँडल सरळ. हँडल वळलेलें असतां पुढचा ब्रेक दाबला कीं गाडी त्या बाजूस कोसळते. पहांटे शाळेच्या मैदानावर जाऊन आम्हीं हें रोज शेंदीडशें वेळां केलें. चालणें आम्हांला येत होतें, थांबणें शिकावयाचें होतें. मैदानावर धांवणारीं मुलें चार दिवस हंसलीं, पांचव्या दिवशीं आंकडे मोजूं लागलीं.

मावशीचा प्रश्न राहिलाच. आचऱ्यास गांवपळण म्हणून एक चाल आहे. तीन-चार वर्षांनीं एकदां ग्रामदेव रामेश्वराचा कौल होतो, आणि सारा गांव, सर्व जातींचे व धर्मांचे लोक, गुरेंढोरें घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतात. जुन्या गाडीवर, मांडीवर मांजराची टोपली व खांद्याला पोथीची पिशवी घेऊन मावशी वेशीबाहेर गेली होती, तें दृश्य आमच्या घरांत अजून सांगितलें जातें. नव्या गाडीची मागची बैठक पाहून तिनें पहिल्याच दिवशीं विचारलें होतें, "हिला पाठ कुठें आहे? आणि ही बैठक कीं माळ्यावरची फळी?" तिचें म्हणणें खरें होतें. कमरेचें सुख आम्हीं घेतलें तें तिच्या पाठीच्या गादीवर पाणी सोडून. गाडी घेतल्यापासून ती मागें बसली नव्हती, आणि आम्हींही आग्रह केला नव्हता.

मार्गशीर्षांत एका रविवारीं तिनें आपण होऊन सांगितलें कीं, उद्यां सोमवार, कुणकेश्वरास जावयाचें आहे. आम्हीं रिक्षा ठरवितों म्हटलें. "रिक्षा मला ठरवतां येते," ती म्हणाली. "तुला जमतें कीं नाहीं तेवढें सांग. ती दांडी कशानें वांकली तें मला ठाऊक आहे." बसचा वाहक तिच्याच वाडींतला निघाला.

सोमवारीं सकाळीं गाडी ओट्याला लावली. ओट्यावरून मावशी सरळ बैठकीवर आली, चढण्याचा प्रश्नच उरला नाहीं. आणि ती बसतांच एक नवल झालें. मागचा स्प्रिंग दबला आणि आमचे चवडे अधिक भरून टेकले. दोघांचें वजन आम्हांला जमिनीच्या जवळ नेत होतें. मात्र तोल गेला तर सांवरावयाचें ओझेंही तेवढेंच वाढलें होतें. म्हणून तिला एकच गोष्ट बजावली : आम्ही थांबलों कीं हालावयाचें नाहीं, पाय खालीं सोडावयाचा नाहीं. हेल्मेटच्या आंतून ती म्हणाली, "जपाला बसल्यें असें समज."

आचऱ्याची नदी ओलांडून मुणगें, तेथून मिठबांव, आणि पुढें आंब्यांच्या बागांतून कुणकेश्वर. सड्यावरचें गवत पिवळें पडलें होतें. कांहीं कलमांना मोहोर दिसत होता, व त्याचा वास वळणावळणावर अंगावर येई. थांबण्याच्या तीन जागा आम्हीं आधींच मनांत धरल्या होत्या, तिन्ही सपाट. चौथी जागा म्हशींनीं ठरविली. मिठबांवच्या पुढें उतारावर एका वळणाआड दहा-बारा म्हशी रस्ताभर पसरलेल्या. पुढें वाट नाहीं, मागून टेंपो, आणि रस्ता पुढें व डावीकडे दोन्हीकडे उतरता. पोटांत खड्डा पडला तो रस्त्यांतल्या कोणत्याही खड्ड्याहून मोठा. कडेला एका पडक्या गडग्याचे चिरे ओघळून आले होते. वेग मोडला, कमर सरकविली, पुढचा ब्रेक धरला आणि डावा बूट एका चिऱ्यावर ठेवला. चिरा हालला नाहीं, मावशीही हालली नाहीं. म्हशी आपल्या वेळेनें गेल्या. त्यांना बहुधा पांच मिनिटें लागलीं असावीं. तेवढ्या वेळांत मावशीनें रुद्राचीं किती आवर्तनें केलीं तें तिनें सांगितलें नाहीं, पण ओठ हालत होते हें आरशांत दिसत होतें.

कुणकेश्वरास समुद्र देवळाच्या पायाशीं आहे. महाशिवरात्रीस तेथें पाय ठेवावयास जागा नसते. त्या सोमवारीं आवार मोकळें होतें. चौथऱ्याशीं गाडी लावली, मावशी चौथऱ्यावर उतरली, दर्शन झालें. परततांना तिनें त्या गडग्यापाशीं बोट दाखवून "हाच ना तो दगड?" म्हणून विचारलें. पुढें प्रत्येक वळणावर ती सांगूं लागली, इथें थांब म्हटलें तर जमेल, इथें जमणार नाहीं, इथें पाणी जातें. इतकीं वर्षें त्या रस्त्यानें गेलेली बाई तो पहिल्यानेंच पाहत होती.

पुढच्या रविवारीं आचऱ्यास गेलों तों तिच्या बेड्याबाहेर, जेथें जमीन रस्त्याकडे उतरते तेथें, दोन नवे चिरे गवंड्याकडून पक्के बसवून घेतलेले होते. एक उंच, एक ठेंगणा. उंच तिला गाडीवर चढावयास. ठेंगण्यावर आम्हीं डावा पाय ठेवून पाहिला. टांच टेकली.